सोन्याची चाहूल आणि पश्चिमेची वाट : एका ऐतिहासिक फँटसीचं वाचन



आज आपल्याला जरा लांबच्या मुलखात जायचं आहे. अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, छपराच्या गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघालेल्या माणसांमध्ये. या प्रवासावर अमेरिकेत ढिगानं पुस्तकं आहेत, चित्रपट तर त्याहून जास्त. पण आज आपण त्यांतलं एक निराळं पुस्तक घेणार आहोत. त्यात इतिहास आहे, सनावळीसकट आहे, आणि जादूही आहे. इंग्रजीत या प्रकाराला ‘हिस्टॉरिकल फँटसी’ म्हणतात. आपण ऐतिहासिक फँटसी म्हणू.

हा प्रकार मराठीला अगदीच परका नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी रात्र जागवून वाचली असेल. पण तिथला काळ ‘फार पूर्वीचा’ असतो आणि राज्य नकाशावर सापडत नाही. आजच्या कादंबरीत गाव नकाशावर आहे, साल ठरलेलं आहे, नदीचं नाव खरं आहे. मग त्यात जादू घातली की काय होतं, हा आजचा प्रश्न.

कादंबरीचं नाव ‘वॉक ऑन अर्थ अ स्ट्रेंजर’. लेखिका रे कार्सन. प्रकाशन २०१५चं. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या तीन भागांच्या मालिकेतला हा पहिला भाग. पुढचे दोन, ‘लाइक अ रिव्हर ग्लोरियस’ आणि ‘इन्टू द ब्राइट अननोन’, अनुक्रमे २०१६ आणि २०१७ साली आले. अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या किशोरसाहित्य विभागात या पहिल्या भागाचं नाव २०१५च्या लांब यादीत होतं.

कथा थोडक्यात सांगतो. जॉर्जिया राज्यात डलोनेगा नावाचं गाव आहे. तिथे लिआ वेस्टफॉल ही पंधरा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर राहते. सगळे तिला ली म्हणतात. तिच्यात एक शक्ती आहे. जवळपास सोनं असलं, जमिनीत असो की कुणाच्या खिशात, तिला ते अंगात जाणवतं. घरच्यांनी हे गुपित जपलेलं आहे. १८४९ सालच्या सुरुवातीला तिच्या आईवडिलांचा खून होतो. करणारा तिचा सख्खा काका, हायरम. त्याला घरातलं सोनं तर हवंच आहे, पण त्याहून जास्त हवी आहे ही सोनं शोधणारी पुतणी. ली मुलाचा वेश करते आणि पळते. तिचा बालमित्र जेफरसन, ज्याची आई चेरोकी आहे, तोही पश्चिमेकडे निघालेला असतो. मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी ती गाड्यांच्या तांड्यात सामील होते आणि कॅलिफोर्नियाची वाट धरते.

आता मराठी श्रोत्याला इथे एक शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. पायाळू. पायाकडून जन्मलेल्या मुलाला जमिनीतलं धन दिसतं, पाणी कळतं, अशी समजूत आपल्याकडे आहे. आणि त्या समजुतीची काळी बाजूही आपल्याला माहीत आहे. गुप्तधनाच्या नादात माणसांचा, मुलांचा छळ आणि बळी देण्यापर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. म्हणून तर २०१३च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांची वेगळी नोंद करावी लागली. तेव्हा लीची भीती समजायला आपल्याला अमेरिकन असण्याची गरज नाही. ज्याला धन दिसतं तो स्वतः धनवान होत नाही. तो दुसऱ्याच्या हातातलं अवजार होतो. कार्सन यांनी ही गोष्ट बरोबर पकडली आहे.

आता वाचायचं कसं, ते पाहू. ऐतिहासिक फँटसी हातात आली की आपण दोन प्रश्न विचारावेत. पहिला, यातली जादू वजा केली तर मागे उरतो तो इतिहास खरा आहे का? दुसरा प्रश्न पहिल्याच्या उलटा आहे. जादू आणताना लेखकानं इतिहासातून काय वजा केलं? पहिला प्रश्न बहुतेक वाचक विचारतात. दुसरा फारसा कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच असते.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. मागे उरणारा इतिहास म्हणजे ती वाट आणि ती गाडी.

चित्रपटांमुळे आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं. भलीमोठी गाडी, वर पांढरं छप्पर, पुढे घोडे दौडताहेत, बाई टोपी घालून शेजारी बसलेली. यातलं बरंचसं चूक आहे. गाडीचा सांगाडा साधारण दहा-बारा फूट लांब आणि चार फूट रुंद, म्हणजे आपल्या घरातल्या मोठ्या पलंगापेक्षा लांब. त्यात कुटुंबाचं सहा महिन्यांचं सगळं. दर मोठ्या माणसामागे दोनशे पौंड, म्हणजे जवळजवळ नव्वद किलो पीठ घ्या, असं त्या काळच्या मार्गदर्शक पुस्तकांत सांगितलेलं असे. वर खारवलेलं डुकराचं मांस, कॉफी, साखर, मीठ. एकूण वजन टनभर झालं की बस. ओढायला बहुतेक वेळा बैल. घोडा महाग आणि नाजूक, खेचर चपळ पण तेही महाग. बैल स्वस्त, दमदार, आणि वाटेतल्या गवतावर निभावणारा. गाडीला स्प्रिंग नसत, आणि वजन वाढलं की बैल थकत. त्यामुळे जवळजवळ सगळी माणसं चालत जात. दोन हजार मैल, म्हणजे बत्तीसशे किलोमीटर, दिवसाला साधारण पंधरा मैल या चालीनं, पाच-सहा महिने. हाकणाराही बैलांच्या डाव्या बाजूनं चालत असे.

ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं आहे त्यांना यातल्या कितीतरी गोष्टी ओळखीच्या वाटतील. कोरड्या हवेत लाकडी चाक आकसायचं आणि त्यावरची लोखंडी धाव ढिली व्हायची. मग रात्री चाकं काढून नदीत भिजत ठेवायची. वंगणाची बादली गाडीखाली लटकत असे. छपराच्या कापडातून पाणी झिरपू नये म्हणून त्यावर जवसाच्या तेलाचा हात फिरवलेला असे. आणि झाड नसलेल्या त्या माळरानात चूल पेटायची कशावर? गव्यांच्या वाळलेल्या शेणावर. म्हणजे आपल्या रानशेण्याच. सुरुवातीला नाक मुरडणाऱ्या बायका आठवड्याभरात ओच्यात शेण्या गोळा करत चालायच्या. अशा नोंदी त्यांच्या रोजनिशांत आहेत.

वेळेचं गणितही कडक होतं. एप्रिल-मे महिन्यात गवत पुरेसं उगवलं की निघायचं. त्याआधी निघालात तर बैल उपाशी. उशिरा निघालात तर सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फ. मध्ये वायोमिंगमध्ये एक प्रचंड खडक आहे, इन्डिपेन्डन्स रॉक. चार जुलैच्या आसपास तिथे पोचलात तर तुमचं बरं चाललंय असं समजत. उशीर झाला की काय होतं हे १८४६ साली डॉनर तांड्यानं दाखवलं. जवळची म्हणून सांगितलेली नवी वाट त्यांनी धरली, वेळ गेला, सत्त्याऐंशी माणसांचा तांडा बर्फात अडकला, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी माणसं गेली. उरलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन दिवस काढले.

कादंबरीचा मोठा भाग या वाटेवर घडतो. प्लाट नदीचा कंटाळवाणा काठ, नद्या ओलांडणं, डोंगर, वाळवंट. लीला सोनं जाणवतं खरं, पण या सगळ्यात त्या शक्तीचा उपयोग काय? पुरात गाडी वाहू लागली तर नाही. एका माणसाचा पाय कापावा लागतो, तेव्हा नाही. बाळंतपणात नाही. तहान लागली तर नाही. जादू हातात असून संकटात निरुपयोगी, ही या कादंबरीची आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट. सहसा फँटसीत उलट असतं. नायकाला अडचण आली की जादू धावून येते. इथे अडचण आली की माणसाला माणूस लागतो, दोर लागतो, उकळलेलं पाणी लागतं.

आता उकळलेल्या पाण्याचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबू. या वाटेवर सर्वांत जास्त माणसं कशानं मेली? चित्रपट सांगतील, रेड इंडियनांच्या हल्ल्यात. गाड्यांचं रिंगण, आत बंदुका, बाहेर घोडेस्वार. रिंगण करत हे खरं, पण मुख्यतः आपली गुरं रात्री पळून जाऊ नयेत म्हणून. जॉन अनरू या इतिहासकारानं ‘द प्लेन्स अक्रॉस’ या १९७९च्या ग्रंथात हिशेब मांडला. १८४० ते १८६० या वीस वर्षांत तीन लाखांच्या आसपास माणसं या वाटांनी गेली. त्यांतली ३६२ मूळ रहिवाशांच्या हातून मारली गेली. आणि या प्रवाशांच्या हातून मारले गेलेले मूळ रहिवासी? ४२६. आकडे पुन्हा मनात घोळवा. ज्यांच्यावर हल्ले झाले असं शंभर वर्षं सांगितलं गेलं, त्यांनी मारले जास्त.

खरा मारेकरी होता कॉलरा. पटकी. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातून १८१७नंतर हा रोग जगभर निघाला. १८४८च्या अखेरीस जहाजातून न्यू ऑर्लिन्सला उतरला, वाफेच्या बोटींतून मिसिसिपी चढला, आणि १८४९च्या वसंतात, नेमके सोन्याच्या ओढीनं हजारो लोक मिसुरीच्या गावांत जमले होते तेव्हा, तिथे हजर झाला. प्लाटच्या काठी रोज रात्री त्याच जागी मुक्काम, तिथेच शौच, तिथलंच पाणी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी पुरला जाई. पाण्यातून रोग पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नोनं पंपाच्या विहिरीवरून दाखवलं ते १८५४मध्ये. म्हणजे वाटेवरच्या लोकांना कारणच माहीत नव्हतं. आपल्याकडे याच रोगाच्या भीतीनं मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. तिकडे गाड्यांनीच रोग पुढे नेला. वाटेवरच्या पॉनी आणि शायान लोकांमध्ये त्या साली जो संहार झाला तो या गाड्यांबरोबर आलेल्या पटकीनं.

बायकांच्या रोजनिशांबद्दलही एक शब्द सांगायला हवा. पुरुषांच्या नोंदींत मैल, गवत आणि शिकार जास्त असते. बायकांच्या नोंदींत वाटेतल्या थडग्यांची मोजदाद असते. आज सात, आज बारा. अमेलिया स्टुअर्ट नाइट नावाची बाई १८५३ साली आयोवाहून ऑरेगॉनला निघाली. सात मुलं बरोबर आणि आठवं पोटात. एके दिवशी गाड्या निघाल्या आणि आठ वर्षांची लूसी मागेच राहिली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्या तांड्याबरोबर ती पोर परत मिळाली. आठवं मूल वाट संपता संपता, रस्त्याच्या कडेला जन्मलं. आठ महिन्यांची गरोदर बाई डोंगर चढते आहे, यात कुठलीही फँटसी नाही.

लीचा पुरुषवेशही असाच, ऐकायला काल्पनिक, पण इतिहासाला धरून आहे. कॅलिफोर्नियात चार्ली पार्कहर्स्ट नावाचा एक नामांकित घोडागाडी हाकणारा होता. १८७९ साली मृत्यूनंतर कळलं की ते शरीर स्त्रीचं होतं. लीला वेश बदलावा लागतो तो साहसाच्या हौसेपोटी नाही. आईवडील गेले, मुलगी अल्पवयीन, म्हणजे घरदार आणि मुलगी दोन्ही काकाच्या ताब्यात. खुन्याच्याच हातात पालकत्व जातं आणि कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो. मराठी माणसाला काका आणि पुतण्या म्हटलं की शनिवारवाडा आठवणारच, पण इथे पहारेकरीही काकाचेच आणि न्यायाधीशही काकाचाच. गंमत अशी की त्याच १८४९ साली कॅलिफोर्नियाच्या पहिल्या राज्यघटनेत लग्न झालेल्या बाईची स्वतःची मालमत्ता वेगळी मानली गेली. तेव्हा पश्चिमेला जाणं म्हणजे काही बायकांसाठी खरोखर एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जाणं होतं.

इथपर्यंत पहिल्या प्रश्नाचं उत्तर चांगलं येतं. जादू वजा केली तरी मागे खरा इतिहास उरतो. आता दुसरा प्रश्न. या प्रकारच्या पुस्तकांत जादू आली की इतिहासातलं काय नाहीसं होतं?

तुलनेसाठी दोन पुस्तकं घेऊ. पॅट्रिशिया रीड यांची ‘थर्टीन्थ चाइल्ड’ ही कादंबरी २००९ची. तिथेही एक कुटुंब पश्चिमेला सरहद्दीवर राहायला जातं. देशाचं नाव कोलंबिया, मोठ्या नदीच्या काठानं एक मंत्राचं कुंपण, आणि पलीकडे मॅमथ, वाफेचे ड्रॅगन असे प्राणी. कल्पना रंजक आहे, लेखन सराईत आहे. पण या जगात अमेरिका खंडावर मूळ रहिवासी नाहीतच. युरोपीय आले तेव्हा तिथे फक्त जनावरं होती. पुस्तक आल्यावर अनेक वाचकांनी यावर कडाडून आक्षेप घेतला. आक्षेपाचं मर्म साधं होतं. गाड्या रिकाम्या जमिनीवर निघाल्या होत्या, हे तर त्या काळच्या राजकारण्यांचंच आवडतं असत्य. जादूनं ते खरं करून दाखवलं. मॅमथ आले, माणसं गेली.

दुसरं उदाहरण ऑर्सन स्कॉट कार्ड यांचं. त्यांच्या आल्विन मेकर मालिकेचा पहिला भाग, ‘सेव्हन्थ सन’, १९८७चा. त्याची सुरुवातच गाडीनं होते. पश्चिमेला निघालेलं कुटुंब पुरात नदी ओलांडत असतं, आई बाळंतपणाच्या वेणांत, आणि एक झाड वाहत येऊन गाडीवर आदळू पाहतं. थोरला मुलगा ते झाड अंगावर घेतो. दुसऱ्या भागात, ‘रेड प्रॉफेट’ या १९८८च्या कादंबरीत, टिपीकनू इथे मूळ रहिवाशांची कत्तल होते. त्यानंतर त्यात सामील असलेल्यांच्या हातांतून रक्त गळू लागतं. भेटणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला आपण काय केलं ते सांगितलं तरच ते थांबतं. इथे जादूनं काय केलं बघा. विसरण्याची सोयच काढून घेतली. पण कार्ड यांच्या जगात मूळ रहिवाशांना निसर्गाशी एकरूप झालेले, जवळजवळ अलौकिक असे रंगवलेलं आहे, आणि तोही एक प्रकारचा अन्याय आहे. माणसाला देव केलं की त्याची जमीन गेल्याचं दुःख आपल्याला कमी लागतं.

आता परत कार्सनकडे येऊ. त्यांनी तिसरा मार्ग घेतला. इतिहास जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आणि एकाच मुलीला एकच लहानशी शक्ती दिली. आणि ही शक्ती कुठे जन्माला घातली? डलोनेगात. ही निवड सहज झालेली नाही.

डलोनेगा हे नावच चेरोकी भाषेतलं. पिवळ्या रंगासाठीच्या शब्दावरून आलेलं. १८२९च्या सुमाराला तिथे सोनं सापडलं. जमीन चेरोकींची होती. त्यांच्याकडे स्वतःची लिपी होती, वर्तमानपत्र होतं, लिखित घटना होती. १८३० साली अमेरिकेच्या काँग्रेसनं मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा केला. १८३२ साली जॉर्जियानं चेरोकींची जमीन चक्क सोडतीनं वाटली. सोन्याच्या पट्ट्यात चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडून, नावांच्या चिठ्ठ्या काढून. जमिनीवर चेरोकी राहत असतानाच. आणि १८३८ साली सैन्यानं त्यांना घरांतून बाहेर काढलं. सुमारे सोळा हजार माणसं आजच्या ओक्लाहोमाकडे हाकली गेली. हजार किलोमीटरहून जास्त वाट. चार हजारांच्या आसपास मेली असा नेहमीचा अंदाज आहे. त्याला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. त्याच १८३८ साली डलोनेगात सरकारी टांकसाळ सुरू झाली. माणसं बाहेर गेली आणि नाणी पडायला लागली, एकाच वर्षात.

आता या प्रवासाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. छपराच्या गाड्या. त्यांत सामान, म्हातारेकोतारे आणि आजारी. बाकीचे चालत. दिशा पश्चिम. अकरा वर्षांनी ली ज्या तांड्यात सामील होते तोही असाच. तीच गाडी, तेच चालणं, तीच दिशा. एका प्रवासाला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी शौर्य म्हटलं, दुसऱ्याला फार उशिरा गुन्हा म्हटलं. या दोन्ही प्रवासांच्या मुळाशी सोनं आहे. आणि कादंबरीत दोन मुलं शेजारी शेजारी चालतात. सोनं जाणवणारी ली, आणि ज्याच्या आईच्या लोकांची जमीन त्या सोन्यापायी गेली तो जेफरसन. लेखिका यावर भाषण देत नाही. ती त्यांना फक्त एका वाटेवर आणून सोडते.

म्हणून आम्हाला वाटतं की लीची शक्ती ही वरदान कमी आणि लक्षण जास्त आहे. लक्षण हा शब्द आम्ही आजाराच्या अर्थानं वापरतो आहोत. त्या साली अख्ख्या देशाला सोनं ‘जाणवत’ होतं. २४ जानेवारी १८४८ला कोलोमा इथे सटरच्या गिरणीच्या कामावर जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष पोक यांनी काँग्रेसपुढे त्याला दुजोरा दिला, आणि १८४९मध्ये एकट्या खुष्कीच्या मार्गानं पंचवीस हजारांच्या आसपास माणसं निघाली. प्रत्येकाला वाटत होतं की सोनं आपल्याला हाक मारतंय. लीला ती हाक खरोखर ऐकू येते, एवढाच फरक. आणि ज्याला ती खरोखर ऐकू येते त्याचं काय होतं? आईबाप जातात आणि उरलेलं आयुष्य लपण्यात जातं.

दुसऱ्या भागात हे आणखी उघड होतं. काका कॅलिफोर्नियात तिला गाठतो. त्याची खाण चालते ती मूळ रहिवाशांना आणि चिनी मजुरांना राबवून, उपाशी ठेवून. हेही काही कल्पनेतलं नाही. १८५० साली कॅलिफोर्नियानं एक कायदा केला. नाव होतं मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षणा’चं. प्रत्यक्षात त्यांना पकडून सक्तीनं कामाला लावण्याची आणि त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या ताब्यात ठेवण्याची सोय त्यात होती. सोनं सापडलं तेव्हा कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी होते. पंचवीस वर्षांनी उरले तीस हजारांच्या आसपास. लीच्या शक्तीनं सापडणारं प्रत्येक सोन्याचं ढेकूळ या हिशेबात मोजावं लागतं, हे लीला हळूहळू उमगतं. वाचणाऱ्या मुलालाही तिच्याबरोबर उमगतं.

उणिवा नाहीत असं नाही. सगळी कथा ली स्वतः सांगते, तीही वर्तमानकाळात. त्यामुळे जे तिला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. वाटेवर ज्यांच्या मुलखातून गाड्या चालल्या आहेत, ज्यांचं गवत आणि गवे संपत चालले आहेत, त्या लोकांच्या बाजूनं ही वाट कशी दिसत होती हे पुस्तक सांगू शकत नाही. प्रत्यक्षात ते नदीवर होड्या चालवत, घोडे विकत, रस्ता दाखवत, आणि आपल्या हद्दीतून जाण्याबद्दल जकातही मागत. १८५१ साली फोर्ट लॅरमीजवळ दहा हजारांच्या आसपास मूळ रहिवासी तहासाठी जमले होते. वाट मोकळी देण्याच्या बदल्यात वर्षाला पन्नास हजार डॉलरचा माल, पन्नास वर्षं, असं ठरलं. सेनेटनं नंतर पन्नासाची दहा करून टाकली. हा सगळा व्यवहार, ही घासाघीस, या कादंबरीच्या चौकटीत मावत नाही. शिवाय लीची मतं कधीकधी १८४९पेक्षा आजच्या काळाला जास्त जवळची वाटतात. किशोर वाचकाला सोबत घेण्यासाठी लेखिकेनं ती सवलत घेतली असावी. आम्ही ती नोंदवून पुढे जातो.

एकंदरीत काय, तर जादू किती मोठी आहे यावरून अशा पुस्तकाची किंमत ठरवू नये. त्या जादूनं कुणाला झाकलं आणि कुणाला उजेडात आणलं, ते पाहावं. आपल्याकडेही ऐतिहासिक कादंबऱ्यांत चमत्कार असतात, दृष्टान्त असतात, गुप्त भुयारं असतात. तिथेही हाच प्रश्न विचारून बघायला हरकत नाही.

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे देत आहोत.

प्रश्न : ही जादू कादंबरीत नसतीच तर काय बिघडलं असतं? काका सोन्यासाठी खून करतो, एवढं पुरेसं होतं.

उत्तर : चांगला प्रश्न आहे. जादू नसती तर काकानं सोनं चोरलं असतं आणि तो निघून गेला असता. ली अनाथ झाली असती, पण मोकळी असती. जादूमुळे त्याची हाव वस्तूवरून माणसावर येते. त्याला ली ‘मालकीची’ हवी असते. आणि १८४९ साली जॉर्जियात माणूस मालकीचा असणं ही कल्पना नव्हती, कायदा होता. गुलामगिरी चालू होती. एका गोऱ्या मुलीला, तीही फक्त थोड्या काळासाठी, आपण कुणाची तरी मालमत्ता आहोत म्हणजे काय हे कळावं, यासाठी ती जादू लागते. ते दुःख गुलामांच्या दुःखाच्या बरोबरीचं नाही. पण ते दिसायला तिला तिथून एक फट मिळते.

प्रश्न : आमच्या घरातल्या मुलांना हे पुस्तक द्यावं का? इंग्रजी झेपेल?

उत्तर : आठवी-नववीच्या पुढे जरूर द्या. इंग्रजी साधं आहे, गोष्ट वेगवान आहे. खून आहे, पाय कापणं आहे, तेव्हा त्याहून लहान मुलांना नको. एक करा. पुस्तकाबरोबर अमेरिकेचा नकाशा द्या आणि दोन रेघा काढायला सांगा. एक डलोनेगापासून ओक्लाहोमापर्यंत, सन १८३८. दुसरी इंडिपेन्डन्सपासून कॅलिफोर्नियापर्यंत, सन १८४९. मग दोन्ही रेघांवरून कोण कोण चाललं ते मुलांनाच सांगू द्या.